मणिकर्णिकेचे स्थान

प्रवासवर्णने व क्षेत्रमाहात्म्ये यांतील स्थळे नकाशावर मांडण्याकडे साहित्याभ्यासकांचा कल वाढत आहे. हा उद्योग स्वागतार्ह होय. तथापि अक्षांश-रेखांशांचे आकडे म्हणजेच स्थान, ही त्यामागील समजूत तपासून पाहावयास हवी.

वाराणसीचा मणिकर्णिका घाट घ्यावा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे जॉर्ज एव्हरेस्टने १८३० मध्ये मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर आणि कल्याणपूर येथील मूलबिंदूवर आधारलेले आहेत. आजची उपग्रहाधारित साधने डब्ल्यूजीएस ८४ ही प्रणाली वापरतात. जुने आकडे रूपांतर न करता नव्या नकाशावर ठेवले, तर येथे स्थान सुमारे २०० मीटर पूर्वेकडे सरकते आणि घाट गंगेच्या पात्रात जाऊन पडतो. आकडे चुकीचे नसतात. त्यांचा संदर्भ हरवलेला असतो.

प्रणालीची निवड हेतूवर अवलंबून असावी. स्थळाच्या नोंदीस डब्ल्यूजीएस ८४ मधील अक्षांश-रेखांश पुरेसे आहेत. अंतरे मोजावयाची तर यूटीएम प्रक्षेपणाचा, वाराणसीपुरता ४४ वा, पट्टा घ्यावा. संगणकावरील नित्याच्या मर्केटर नकाशात या अक्षांशावर लांबी दहा टक्क्यांहून अधिक फुगते. त्यावर पंचक्रोशी मोजू नये.

मणिकर्णिकेवरून निघून तेथेच परतणाऱ्या यात्रेकरूची पंचक्रोशी हीदेखील एक संदर्भप्रणालीच होय; तिची नोंद स्वतंत्रपणे ठेवावी. आधारप्रत सांगितल्यावाचून पाठचिकित्सक पाठभेद देत नाही. निर्देशांक देणाऱ्याने याहून कमी काटेकोर का असावे?