जामीनपत्रावरची सही

आषाढीला निघालेली ज्ञानोबांची पालखी आमच्या नातेपुत्यात मुक्कामाला येते. त्या रात्री परका वारकरीही घरचा होतो. पण मुक्काम वर्षानुवर्षांचा असेल तर?

हिटलरच्या जाचातून निसटलेले ज्यू मुंबईच्या धक्क्यावर उतरू लागले, तेव्हा तिथल्या ज्यूंनी १९३४ साली ‘ज्यूइश रिलीफ असोसिएशन’ स्थापन केली. आकाशवाणीची पहाटेची धून रचणारे वॉल्टर कॉफमन त्याच साली प्रागहून मुंबईत आले. पुढे सरकारने हमी मागितली: निर्वासितांचा भार तिजोरीवर पडता कामा नये. संस्थेने ती दिली. १९३९ मध्ये युद्ध पेटताच जर्मन पासपोर्टपायी यांतल्या अनेकांना ‘शत्रू’ म्हणून स्थानबद्ध केले गेले; त्यांच्या सुटकेसाठीही संस्थाच धडपडली.

बँकेत असताना मी कितीतरी जामीनपत्रे हाताळली. सख्खा भाऊसुद्धा सही करताना अडखळे. इथे तर भाषा निराळी, रीत निराळी. समान होता तो फक्त धर्म.

आपण त्याहून पुढे जाऊ शकू का? युद्धाने उठवलेली माणसे आजही दारोदार फिरताहेत. त्यांच्यासाठी हळहळणारे पुष्कळ असतात. जामीन राहणारे मात्र थोडेच.