अंड्यामागचा दाणा कोणत्या शिवारातला?

हिमायतनगरच्या दुकानांत पुष्कळ गिऱ्हाइके तपकिरी अंडे मागून घेतात. ते गावरान, म्हणून पौष्टिक, असा समज आहे. वास्तविक कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवरून ठरतो. खाद्याची खूण बलकात दिसते, पण तीही फसवी. पिवळ्या मक्याने बलक पिवळाजर्द होतो, तसा खाद्यात झेंडूचा अर्क मिसळूनही होतो. म्हणजे आपल्या मातीतला दाणा खाल्लेल्या कोंबडीचे अंडे ज्याला हवे, त्याने ते ओळखावे कसे? खाद्य कुठले ते ट्रेवर लिहा, असे कायदा सांगत नाही.

शेतकरी बंधुभगिनींनो, हा आपल्या खिशाचा प्रश्न आहे. अंडी देणारी कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते. त्यात मुख्य मका आणि सोयाबीनची पेंड. अंड्याच्या उत्पादनखर्चात साठ-सत्तर टक्के वाटा खाद्याचाच. २०२१ साली लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेले, तेव्हा कुक्कुटपालक मेटाकुटीस आले. त्यांची तक्रार खोटी नव्हती. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करू दिली. ऑक्टोबरपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आला. नवे पीकही तेव्हाच बाजारात आले होते, म्हणून सारा दोष आयातीला देता येणार नाही. पण ती पेंड खाल्लेल्या कोंबडीचे अंडे आपल्या ताटात आले की नाही, हे कोणालाच कळले नाही.

माझे म्हणणे एवढेच की परदेशी पेंड वापरायची तर वापरा, पण गिऱ्हाइकाला सांगा. जर्मनीत २००८ पासून, जनुकीय बदल केलेले खाद्य न दिलेल्या जनावरांच्या दुधावर आणि अंड्यांवर तशी चिठ्ठी लावता येते. ती सक्तीची नाही; गिऱ्हाईक मागते म्हणून विक्रेते लावतात.

मात्र 'स्थानिक' म्हणजे 'निर्धोक' असे कोणी छापू नये. २०१९ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय दूध पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ मध्ये अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष मर्यादेबाहेर सापडले. ते खाद्यातून दुधात उतरते, आणि बुरशी तर आपल्याच कोठारातल्या ओल्या मक्यावरही धरते. तेव्हा गावाचे नाव छापण्याआधी मका १२ टक्के ओलीपर्यंत वाळवा, पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर ठेवा, आणि काळा पडलेला दाणा जनावरालाही घालू नका.