ऐन सामन्यातच पिस्तूल का अडते?

टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी महिलांच्या दहा मीटर एअर पिस्तूल स्पर्धेची प्राथमिक फेरी चालू असताना भारताच्या मनू भाकर हिचे पिस्तूल बिघडले. साठ नेमांपैकी जेमतेम सोळा झाले होते. पिस्तूल दुरुस्त करून ती जागेवर परत येईपर्यंत पंधरा मिनिटांहून अधिक काळ निघून गेला आणि उरलेले चव्वेचाळीस नेम चाळीस मिनिटांहूनही कमी वेळात साधण्याची पाळी तिच्यावर आली. साठ नेमांसाठी एकूण पंचाहत्तर मिनिटे मिळतात आणि स्वतःच्या हत्यारात झालेल्या बिघाडासाठी घड्याळ थांबत नाही. ५७५ गुणांसह ती बाराव्या स्थानावर राहिली. अंतिम फेरीत शेवटचा प्रवेश मिळाला तो ५७७ गुणांना. दोन गुणांचे हे अंतर देशभर 'दुर्दैव' या एका शब्दात गुंडाळले गेले. पुढे २०२४ मध्ये पॅरिस येथे तिने दोन कांस्यपदके मिळविली आणि चर्चाही संपली. प्रश्न मात्र संपला नाही. कारण तो एकट्या मनू भाकरचा नाही.

पनवेलसारख्या गावाला या प्रश्नाशी कर्तव्य आहे. अथेन्सच्या २००४ च्या ऑलिंपिकमध्ये एअर रायफलची अंतिम फेरी गाठणाऱ्या सुमा शिरूर यांनी कर्नाळा क्रीडा अकादमीत 'लक्ष्य' हे प्रशिक्षण केंद्र उभे केले आणि नेमबाजी हा केवळ लष्कराचा वा संस्थानिकांचा खेळ नव्हे, हे रायगड जिल्ह्यातील मध्यमवर्गीय घरांना कळले. अशा घरातील मुलगा वा मुलगी महिनोन्‌महिने सराव करते, पिस्तूल कधी त्रास देत नाही आणि राज्य स्पर्धेच्या दिवशी नेमके अडते, ही तक्रार नेमबाजांच्या वर्तुळात सर्रास ऐकू येते. कोणी नशिबाला दोष देतो, कोणी मुलाच्या मनाच्या दुबळेपणाला. दोन्ही निदाने सोयीची आहेत; कारण दोन्हींत पुढे काही करावे लागत नाही.

यंत्राला सामना आणि सराव यांतला भेद कळत नाही. बिघाड केवळ सामन्यातच होत असेल, तर सामन्याच्या दिवशी काहीतरी बदललेले असले पाहिजे. अथवा तो बिघाड सरावातही होत असून तिकडे कोणाचे लक्ष गेलेले नसले पाहिजे. या दोहोंपैकी दुसरी शक्यता आधी तपासणे शहाणपणाचे ठरेल.

साधे गणित

समजा, एखादे पिस्तूल सरासरीने पाचशे नेमांत एकदा अडते. सरावात ते अडले की नेमबाज हाताने अडकलेले काडतूस काढतो आणि पुढे जातो; संध्याकाळपर्यंत त्याला ते आठवतही नाही. तेच पिस्तूल साठ नेमांच्या सामन्यात अडण्याची शक्यता सुमारे अकरा टक्के, म्हणजे नऊ सामन्यांत एकदा. दहा सामने खेळणाऱ्या नेमबाजाच्या वाट्याला निदान एक असा प्रसंग येण्याची शक्यता सत्तर टक्क्यांच्या घरात जाते. सामन्यातला प्रसंग जन्मभर लक्षात राहतो, सरावातले विसरले जातात. आणि 'हे पिस्तूल फक्त सामन्यातच रुसते' असा समज दृढ होतो. सरावाची नोंदवही ठेवणे हा म्हणूनच या दुखण्यावरचा पहिला व सर्वांत स्वस्त इलाज होय. तारीख, काडतुसाची जात, मॅगझिनचा क्रमांक आणि अडथळ्याचे स्वरूप, एवढ्या चार रकान्यांनी पुष्कळ गूढ उकलते.

नोंदीवरून सरावात पिस्तूल खरोखरच निर्दोष आहे असे ठरले, तर बदललेल्या परिस्थितीकडे वळावे लागते. पहिला बदल हाताचा. पंचवीस मीटरच्या स्पर्धेत पॉइंट बावीसचे अर्धस्वयंचलित पिस्तूल वापरतात. या काडतुसाची शक्ती मुळात बेताची. तिच्या धक्क्याने पिस्तुलाचा वरचा भाग मागे जाऊन रिकामे काडतूस बाहेर फेकले जावे, यासाठी मूठ स्थिर लागते. सामन्याच्या ताणाने मनगट सैल पडले वा पकड बदलली, तर ही हालचाल अपुरी राहू शकते. ताणाखालचे बोट चाप पुरता पुढेही जाऊ देत नाही आणि पुढचा नेम सुटतच नाही. पिस्तूल अडले असे वाटते. वस्तुतः अडलेले असते बोट.

दुसरा बदल दारूगोळ्याचा. सराव स्वस्त काडतुसांवर आणि सामना महागड्या परदेशी काडतुसांवर, ही आपल्याकडील सर्वसाधारण रीत. दोन जातींच्या काडतुसांत जोर, गोळीचा आकार आणि तिच्यावरील मेणाचा थर वेगवेगळा असतो. एका जातीला सरावलेले पिस्तूल दुसरीला तितक्याच सहजतेने स्वीकारील, अशी खात्री कोणी द्यावी? तीच गोष्ट सामन्यासाठी म्हणून जपून ठेवलेल्या कोऱ्या मॅगझिनची.

तिसरा बदल आदल्या रात्रीच्या उत्साहाचा. सामन्यापूर्वी पिस्तूल खोलून स्वच्छ केले जाते, तेलाने माखले जाते आणि त्या तेलात जळक्या दारूची काजळी बसून हालचाल जड होते. चापाचे वजन एअर पिस्तुलात किमान पाचशे ग्रॅम आणि पंचवीस मीटरच्या पिस्तुलात एक किलो भरावे लागते. या मर्यादेच्या अगदी काठावर चाप आणण्यासाठी शेवटच्या क्षणी स्क्रू फिरविला जातो आणि आतली नाजूक जुळणी बिनसते. एअर पिस्तुलाची टाकी विमानप्रवासासाठी रिकामी करून स्पर्धेच्या गावी पुन्हा भरावी लागते. चाप विजेवर चालणारा असेल, तर बॅटरीची चिंता वेगळीच.

नियम आणि सवय

याहून गंभीर बाब सवयीची. पंचवीस मीटरच्या स्पर्धेत आंतरराष्ट्रीय नियमांनी बिघाडांचे दोन वर्ग केले आहेत. काडतूस पेटले नाही, गोळी नळीत अडकली, चापाची यंत्रणा मोडली, तर बिघाड ग्राह्य धरला जातो आणि नेमबाजाला पुन्हा संधी मिळते. परंतु अधिकाऱ्याने तपासण्यापूर्वी नेमबाजाने पिस्तुलाच्या यंत्रणेला हात लावला, तर तोच बिघाड अग्राह्य ठरून गुण बुडतात. पिस्तूल निशाणाच्या दिशेने धरून मोकळा हात वर करणे, एवढेच नेमबाजाने करावयाचे असते. ज्याने वर्षभर प्रत्येक अडथळा झटक्याने हातानेच दूर केला, त्याचा हात त्या क्षणी आपोआप यंत्रणेकडे जाणार नाही तर काय होईल? सराव हा चुकीच्या गोष्टीचाही होतो.

निदानाची पद्धत कोणत्याही शास्त्राला लागू पडेल अशीच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सामन्याचीच काडतुसे, सामन्याचीच मॅगझिने, तेवढाच वेळ आणि तेवढेच प्रेक्षक ठेवून सराव करावा. सामन्याच्या आदल्या आठवड्यात यंत्रणेत कोणताही बदल करू नये. हे सारे सांगणे सोपे आहे. मग ते होत का नाही? येथे हा प्रश्न यंत्रशास्त्राचा न राहता अर्थशास्त्राचा होतो.

टंचाईचा खेळ

सामन्याच्या काडतुसांवर सराव होत नाही, कारण ती परवडत नाहीत. दर्जेदार पिस्तुले आणि काडतुसे मुख्यतः परदेशांतून येतात. पॉइंट बावीसच्या पिस्तुलाला परवाना लागतो आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार नेमबाजाच्या दर्जाप्रमाणे काडतुसांची वार्षिक मर्यादा ठरते; म्हणजे ज्याला शिकायचे आहे त्याला कमी आणि जो शिकला आहे त्याला अधिक. सुरक्षेच्या दृष्टीने या बंधनांना अर्थ आहे, पण त्यांची किंमत नवशिक्याच भरतो. दुसरे पिस्तूल घेणे ही सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची गोष्ट आणि जाणता दुरुस्तीकार जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळेल याची शाश्वती नाही. साहजिकच एकच हत्यार, मोजकी काडतुसे आणि ऐकीव सल्ला यांवर सगळा डोलारा उभा राहतो.

याउलट उदाहरण अभिनव बिंद्राचे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकपूर्वी त्याने स्पर्धेच्या सभागृहासारखे वातावरण मिळावे म्हणून लग्नाचे कार्यालय भाड्याने घेऊन सराव केला. अंतिम फेरीपूर्वीच्या चाचणीत त्याचा नेम भलतीकडे गेला, तेव्हा न डगमगता त्याने रायफलचे लक्ष्यदर्शक नव्याने जुळविले आणि सुवर्णपदक जिंकले. सामन्यातला बिघाड त्याच्याही वाट्याला आला होता. फरक एवढाच की त्याची तयारी बिघाडासकट सामन्याची होती. मात्र ती त्याच्या कुटुंबाच्या ऐपतीवर झाली होती. पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळविणारा कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे हा तेव्हा रेल्वेचा तिकीट तपासनीस होता. पुढचे नेमबाज त्याच्यासारख्या घरांतून यावेत असे वाटत असेल, तर ही ऐपत सार्वजनिक झाली पाहिजे.

त्यासाठी अवाढव्य योजनांची आवश्यकता नाही. प्रत्येक विभागात एक प्रशिक्षित दुरुस्तीकार, केंद्रांच्या ताब्यात काही पर्यायी पिस्तुले, नवोदितांना सामन्याच्या दर्जाची काडतुसे सवलतीने, आणि महिन्यातून एकदा पंच, घड्याळ व मुद्दाम घडविलेल्या बिघाडांसह सराव सामना, एवढे राज्याचे क्रीडा खाते आणि नेमबाजी संघटना यांनी मिळून केले तरी पुष्कळ साधेल. नव्या रेंजच्या उद्घाटनाला जेवढा उत्साह दिसतो, त्याचा काही अंश तिच्या देखभालीला मिळाला तर खर्चाचीही फार अडचण पडू नये.

वर्षभर घोकून परीक्षेच्या दिवशी गोंधळणाऱ्या विद्यार्थ्याला दोष देण्यापूर्वी चांगला शिक्षक त्याला परीक्षेसारखा पेपर कधी सोडवायला दिला होता का, हे स्वतःला विचारतो. अडलेल्या पिस्तुलाकडे पाहूनही तोच प्रश्न विचारायला हवा, आणि तो नेमबाजाला नव्हे, तर त्याच्या सरावाची व्यवस्था करणाऱ्यांना.