मरणाऱ्याला कोण विचारतो?

"बाबांना काही सांगू नका, डॉक्टर. ते खचतील." वॉर्डाच्या दाराशी असे कुजबुजणारा मुलगा आपल्यात प्रेमळ ठरतो. बाबांना काय ते केव्हाच कळलेले असते. मुलांना बरे वाटावे म्हणून तेही गप्प राहतात. मग देणीघेणी राहतात, धाकट्या भावाशी मिटवायचे भांडण राहते, आणि उरलेले दिवस सगळे मिळून नाटक करण्यात जातात.

ज्ञानेश्वरांच्या समाधीपुढे सातशे वर्षे माथा टेकणारे आपण! १९८२च्या नोव्हेंबरात पवनारला विनोबांनी अन्न आणि औषध नाकारले, तेव्हा आपण हात जोडले. घरातला म्हातारा "आता पुरे, मला घरी न्या" म्हणाला, की मात्र त्याला भ्रम झाला असे ठरते. व्हेंटिलेटर चालू राहतो, शेत गहाण पडते. कारण तेराव्याला जमलेल्या भाऊबंदांना सांगता आले पाहिजे, की आम्ही काही कमी केले नाही. ज्याच्या चष्म्याची काच वर्षभर बदलली नव्हती, त्याच्यासाठी हे औदार्य. (ज्यांच्याकडे गहाण टाकायलाही काही नाही, त्यांना कॉटवरून उठवून घरी धाडतात. त्याला कुणी मुक्ती म्हणू नये.)

बाईचे तर मरणही नवऱ्याच्या हिशेबात. तो असताना गेली तर सोने झाले: हिरवे लुगडे, मळवट, ओटी. विधवा कण्हत पडली असेल तर "सुटेल बिचारी". तिला दुखते किती, हे दोन्हीकडे कुणी विचारत नाही. कर्करोगाच्या वेदनेवर मॉर्फिन आहे, महागही नाही. पण शेवटच्या महिन्यातल्या बाईला त्याची सवय लागेल, ही चिंता करणारे शहाणे घरोघरी आहेत. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून अशाच रुग्णांची शुश्रूषा करते. तिथे ठेवू म्हटले की "आईला मरायला टाकले" हा बोल लागतो.

बरे न होणाऱ्या दुखण्यात कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला. २०२३ साली रीतही सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही. हा कागद करायचा म्हटले, की "कसले अभद्र बोलता" म्हणून म्हाताऱ्याचे तोंड बंद करतात. आणि जमिनीच्या कागदावर अंगठा हवा असला, की तीच मंडळी त्याच्या खाटेशी शाईची डबी घेऊन हजर!