मुकट्याचे मूळ

सोवळ्याचा मुकटा नेसून देवापुढे बसणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी त्याच्या धाग्याच्या उगमाचा विचार केला असेल? तुतीच्या पाल्यावर घरात पोसलेल्या किड्याचे रेशीम वेगळे आणि ऐन-अर्जुनाच्या झाडांवर, उघड्या रानात वाढणाऱ्या टसराचे वेगळे. भंडारा-गडचिरोलीच्या जंगलात ढीवर समाजाने पाखरांपासून, मुंग्यांपासून अळ्यांची राखण करीत हा कोसा पिढ्यान्‌पिढ्या जतन केला. टसराच्या एका वाणाला ‘भंडारा’ हेच नाव आहे.

या रानटी पतंगांची कुंडली मांडण्याचे काम हैदराबादेत झाले. बरकतपुऱ्यापासून काही मैलांवर, आज उप्पल येथे असलेल्या डीएनए फिंगरप्रिंटिंग व निदान केंद्रातील डॉ. जे. नागराजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली टसर, मुगा व एरी या तिन्ही पतंगांच्या जनुकांचा संग्रह प्रसिद्ध केला. डीएनएच्या धाग्यात काही अक्षरांची जोडी पुन्हा पुन्हा येते. ती किती वेळा येते हे कुळाकुळागणिक बदलते. असे तुकडे वेगळे काढले की तेच वंशाची खूण, म्हणजे ‘मार्कर’, ठरतात.

या खुणांनी काय दाखविले? 2012 साली प्रसिद्ध झालेल्या मुगाच्या अभ्यासात सहा ठिकाणचे पतंग तपासले गेले. मेघालयातील पश्चिम गारो टेकड्यांवरचे तेवढे निराळे निघाले, बाकीच्यांत वैविध्य फारच थोडे. हे आम्हास चिंतेचे वाटते. मादीच्या अंड्यातून पुढच्या पिढीत उतरणाऱ्या पेब्रिनसारख्या रोगापुढे एकसारख्या रक्ताचे पीक टिकाव धरील, असे कोणी छातीठोकपणे सांगेल काय?

त्याच वर्षाच्या अखेरीस डॉ. नागराजू निवर्तले. त्यांच्या संग्रहाचे मोल मोठे आहे. पण संगणकातील नोंद कोश विणीत नाही. त्यासाठी ऐनाचे झाड उभे असावे लागते, आणि ते कोणाचे बियाणे हे पाहणारा माणूस रानात लागतो. दरवर्षी तेच बियाणे वाटण्यापूर्वी त्याची जात या खुणांनी तपासली जावी आणि रानातील मूळ वाणांसाठी जंगलाचे काही पट्टे राखून ठेवावेत, अशी आमची मागणी आहे.

दुसरी गोष्ट हक्काची. या ज्ञानातून उद्या सुधारित वाण निघाला, तर त्याच्या लाभात ढीवरांचा वाटा किती? जैविक विविधतेचा कायदा 2002 साली झाला. लाभाच्या न्याय्य वाटपाचे तत्त्व त्यात आहे. गडचिरोलीच्या कोसा उत्पादकाला ते कोणी समजावून सांगितले आहे का, याचे उत्तर रेशीम खात्याने द्यावे.