किराण्याची यादी खळ्यावरच करावी

शेतकरी भगिनींनो, किराण्याच्या खर्चात बचत कशी करावी असे विचारले, तर बहुतेक घरी एकच उत्तर मिळते, "लागते ते लागतेच, त्यात काय वाचणार?" लागते ते खरेच लागते. पण ते केव्हा घ्यावे, रोखीने घ्यावे की उधारीने, आणि किती भावाने पडले, हे पाहणे मात्र आपल्या हाती असते.

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्याचा सिहोरा परिसर घ्या. हा धानाचा मुलूख. दिवाळीच्या आगेमागे धान खळ्यावर येते. पुढे धुऱ्यावरची तूर आणि बांधीतली लाखोळी, जवस घरी येतात. त्या दिवसांत घर भरलेले असते. पण रोवणी आटोपून पोळा जवळ आला, की डाळ, तेल, तिखट, साखर, चहा सारे दुकानातून आणावे लागते, आणि तेही वहीवर मांडून. माघात विकलेली तूरच श्रावणात डाळ होऊन उधारीने घरी परत येते!

याचा हिशेब कागदावर मांडून पाहा. पाच माणसांच्या घराला महिन्याला ४ किलो तूरडाळ धरली, तर वर्षाला ४८ किलो लागते. एक क्विंटल तुरीची साधारण ७० किलो डाळ पडते. म्हणजे ७० किलो तूर बाजूला ठेवली की वर्ष निघाले. २०२५-२६ च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये ठरला. त्या भावाने ही तूर ५,६०० रुपयांची झाली. भरडाईचे समजा ४०० रुपये. म्हणजे घरची डाळ किलोला सुमारे १२२ रुपयांनी पडली, आणि चुनी गुरांना मिळाली ती वेगळी. दुकानातला भाव याहून जास्त असेल, तर तूर राखण्यात फायदा आहे. कमी असेल, तर खुशाल विकावी. मात्र हिशेब विकण्याच्या आधी व्हावा, नंतर नव्हे. राखलेली तूर कडक उन्हात वाळवूनच कोठीत भरावी, नाहीतर बचत किडीच्या पोटात जाते.

आता उधारीचे पाहू. "आज रोख, उद्या उधार" अशी पाटी दुकानात असते, पण ओळखीच्या घराला वही उघडी असते. दुकानदारही अडल्या वेळी उपयोगी पडतो, हे विसरू नये. परंतु रोखीने १०० रुपयांना मिळणारी वस्तू उधारीत १०५ रुपयांना लागली आणि पैसे तीन महिन्यांनी दिले, तर ते वर्षाला २० टक्के व्याज झाले! याउलट किसान क्रेडिट कार्डावर ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज ७ टक्क्यांनी मिळते, आणि वेळेवर फेडल्यास ते ४ टक्क्यांनीच पडते. या कार्डाची मर्यादा ठरविताना पिकाच्या खर्चावर आणखी १० टक्के रक्कम काढणीनंतरच्या आणि घरच्या गरजांसाठी धरलेली असते. घरधन्याला बँकेत याची चौकशी अवश्य करावयास सांगा.

उधारीचा दुसरा तोटा वहीत दिसत नाही. उधार मागणाऱ्याला भाव विचारण्याची आणि तराजूकडे पाहण्याची भीड वाटते. रोख पैसे देणारी बाई मात्र वजन पुन्हा करून मागू शकते. म्हणून धानाचा चुकारा खात्यात जमा झाला, की पावसाळ्याच्या चार महिन्यांच्या किराण्याचे पैसे त्याच दिवशी वेगळे काढावेत. ते बचत गटात किंवा स्वतःच्या खात्यात ठेवावेत आणि लग्नकार्यासाठीही त्यांना हात लावू नये.

खरेदीला गेल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, पाकिटावरचा एका किलोचा किंवा एका ग्रॅमचा भाव. १ जानेवारी २०२४ पासून तो छापणे बंधनकारक झाले आहे. दहा रुपयांची चहाची पुडी स्वस्त वाटते. मोठ्या पाकिटाच्या भावाशी ताडून पाहा, म्हणजे खरे काय ते कळेल.

दुसरी, तेलाचे माप. एक लिटर तेल म्हणजे एक किलो नव्हे, ते साधारण ९१० ग्रॅम भरते. १५ लिटरचा डबा १५ किलोच्या डब्यापेक्षा सुमारे १ किलो ३५० ग्रॅमने हलका असतो. भाव विचारताना किलो की लिटर, हे आधी विचारा. चार घरांनी मिळून डबा घेतला, तर तो किफायतशीर पडतो.

तिसरी, छापील किंमत. तिच्यात सर्व कर धरलेले असतात. त्याहून जास्त कोणी मागितले, तर १९१५ या ग्राहक क्रमांकावर फोन करून तक्रार देता येते.

यंदा धान खळ्यावर येईल तेव्हा एक कोरा कागद घ्या. घरातील सर्वांना बसवून डाळ, तेल, तिखट, साखर वर्षाला किती लागते ते लिहा. त्यातले घरचे किती आणि विकतचे किती, अशी दोन खाती पाडा. राखायचे ते आधी कोठीत जाऊ द्या. उरलेल्याचीच बोली व्यापाऱ्याशी करा.