“अजून शिकतेच आहे का?”



आमच्या कर्वेनगरात मुलगी सायन्सला गेली की पुढचं घरचे ठरवूनच टाकतात : इंजिनिअरिंग. कमिन्स कॉलेज तर हाकेच्या अंतरावर. त्यात वाईट काहीच नाही. पण मागे माझी एक जुनी विद्यार्थिनी आईसोबत घरी आली. फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालीय, आता पीएच.डी. करायचीय. आई म्हणाल्या, “बाई, तुम्हीच समजवा हिला. अजून पाच वर्षं फी कुठून भरायची? लोक विचारतात, अजून शिकतेच आहे का?”

इथेच आपली गल्लत होते. नेट परीक्षेतून जेआरएफ मिळाली, तर संशोधनासाठी पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात, वर नियमाप्रमाणे घरभाडं. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे. (पैसे कधी कधी महिनोन्महिने रखडतात हेही खरं, आणि ते लाजिरवाणं आहे.) म्हणजे ती शिकतेय तशी कामही करतेय.

तिचा विषय सैद्धांतिक संघनित पदार्थ भौतिकी. नाव ऐकूनच मला, डीएडवालीला, घाम फुटला! पण गाभा साधा आहे. असंख्य कण एकत्र आले की एकट्या कणात नसलेलं काहीतरी घडतं. पाण्याचा बर्फ होतो, लोखंडाचं चुंबक होतं. ते का, हे कागद-पेन्सिल आणि संगणकावर शोधायचं.

याला लागूनच असलेल्या सांख्यिकी भौतिकीसाठी तेव्हा पाषाणच्या ‘आयसर’मध्ये असलेल्या प्रा. दीपक धर यांना २०२२ चं बोल्ट्झमान पदक मिळालं. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. वाळूच्या ढिगाऱ्यावरचं त्यांचं १९९० चं काम तर चौथीच्या वर्गातही खेळता येतं. फरशीवर चौकटी आखा, चिंचोके घ्या. एका चौकटीत चार झाले की शेजारच्या चारही चौकटींत एकेक द्यायचा. काठावरचे बाहेर पडतात. एकाच वेळी दोन चौकटी भरल्या तर आधी कुठली रिकामी करायची? मुलं भांडतात. कुठूनही सुरुवात करा, शेवटची मांडणी तीच येते! हे धर यांनी गणिताने सिद्ध केलं.

त्या दिवशी मी चिंचोक्यांचा डबा काढला. आईंनी दोनदा उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, “आणि याचे सरकार पैसे देतं?”

देतं, ताई. आणि वेळेवर द्यायला हवेत.